पासिंग कुणी बघायचं?

वाचकाचं पत्र: मी पलूस तालुक्यातला. आधी दहा टायर चालवायचो, आता कुपवाडच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडं चाळीस फुटी ट्रेलरवर आहे. द्राक्षाच्या सीझनला इथनं कंटेनर न्हावा शेवा बंदराला न्यायचा, येताना मिळेल ते भाडं भरायचं. मध्यंतरी माझा नेहमीचा ट्रेलर गॅरेजला होता, म्हणून मालकांनी यार्डातला दुसरा जोडायला सांगितला. मी पासिंगचं विचारलं तर म्हणाले, “कागदाचं तू बघू नको, तुझं काम गाडी वडायचं.” साताऱ्याच्या पुढं आरटीओच्या पथकानं थांबवलं. पुढच्या गाडीचं सगळं बरोबर निघालं, ट्रेलरचं पासिंग मात्र चार महिन्यांपूर्वी संपलेलं. चलन झालं, गाडी अडकून पडली. आता मालक म्हणतात, “ड्रायव्हर तू होतास, बघायला नको होतं का?” आणि दंडाचे पैसे माझ्या पगारातनं कापलेत. बरोबरचे ड्रायव्हर सांगतात, कागद बघूच नये, बघितलं की आपण अडकतो. खरं काय? आणि पुन्हा असाच ट्रेलर जोडायला सांगितला तर काय करू? घर या पगारावरच चालतं.

दादा,

मालकांनी तुम्हाला दोन वेळा दोन उलट गोष्टी सांगितल्या, आणि त्यांतली दुसरी कायद्याच्या जास्त जवळ जाते. वाचून वाईट वाटेल, पण हे आधी सांगायलाच हवं. ट्रेलर कुणाच्याही नावावर असो, तो रस्त्यावर आणला कुणी, हे कायदा चालकाला विचारतो. मालकालाही तो तेवढ्याच जोरात विचारतो. दंड तुमच्या पगारातून वळता करायचा हक्क मालकांना त्यातून मिळत नाही, त्यावर शेवटी बोलू.

आपण ज्याला पासिंग म्हणतो ते म्हणजे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५६ मधलं योग्यता प्रमाणपत्र. फॉर्म ३८ वर मिळतं ते. त्या कलमाची भाषा कडक आहे. व्यावसायिक गाडीचं पासिंग चालू नसेल तर तिची नोंदणीच वैध धरायची नाही. म्हणजे आरसी हातात असली तरी कायद्यापुढे ती गाडी बिननोंदणीची ठरते. आणि बिननोंदणीची गाडी कुणी चालवायची नाही, मालकानं चालवू द्यायची नाही, असं कलम ३९ सांगतं. चालक आणि मालक दोघंही एकाच वाक्यात आलेत. शिक्षा कलम १९२ मध्ये आहे. पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड. दुसऱ्या वेळी ५,००० ते १०,००० रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. तुमची पहिली वेळ होऊन गेली आहे, म्हणून पुढच्या खेपेला जास्त जपायला हवं.

पासिंग संपतं कधी, याचा हिशोब सोपा आहे. नव्या गाडीला पहिली दोन वर्षं, त्यानंतर गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि आठ वर्षांनंतर दरवर्षी. जुन्या ट्रेलरची गडबड इथंच होते. पुढची गाडी रोज डोळ्यांसमोर असते, तिचा हप्ता चालू असतो, तिची तारीख मालकाच्या तोंडपाठ असते. यार्डाच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रेलरची तारीख कुणाच्याच डोक्यात नसते. आणि तो बाहेर निघतो नेमका घाईच्या दिवशी, जेव्हा नेहमीचा ट्रेलर गॅरेजला असतो आणि बंदरावर कंटेनर पोचवायची वेळ ठरलेली असते. तुमच्या बाबतीत तेच झालं. म्हणून मी म्हणेन, रोजच्या ट्रेलरपेक्षा बदली ट्रेलरच्या कागदांवर दुप्पट संशय घ्या.

इथं एक गोष्ट नीट बघायची. काही ठिकाणी पुढची गाडी आणि मागचा ट्रेलर मिळून एकच आरसी असते, काही ठिकाणी ट्रेलरला त्याचा स्वतःचा नंबर असतो. एकच आरसी असेल तर त्यात नोंदलेला ट्रेलर आणि तुम्ही आज जोडलेला ट्रेलर एकच आहे का, हे चासी नंबरवरून पडताळा. यार्डात ट्रेलरांची अदलाबदल सर्रास होते आणि कागद मात्र जुन्याच जोडीचे राहतात. स्वतंत्र नंबर असेल तर तो सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपवर टाकला की पासिंग आणि विमा कधीपर्यंत आहे ते दिसतं. चहा गार व्हायच्या आत होणारं काम आहे हे.

कागद फोनवर चालतात का, असं बरेच ड्रायव्हर विचारतात. चालतात. २०१८ च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३९ प्रमाणे आरसी, विमा, पासिंग, परमिट, पीयूसी, लायसन्स हे सगळं इलेक्ट्रॉनिक रूपात दाखवता येतं. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधून काढलेला कागद मात्र हवा. मालकानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या जुन्या फोटोवर विसंबू नका, त्या फोटोतली तारीख उलटून गेलेली असू शकते. कागद त्या क्षणी हाताशी नसेल तर आरटीओकडे तो पंधरा दिवसांत सादर करायची सवलत कलम १३० मध्ये आहे. पण ती असलेला कागद आणून दाखवण्यासाठी आहे. पासिंगच झालेलं नसेल तर त्या पंधरा दिवसांचा उपयोग नाही.

आता तुमच्या मित्रांचं म्हणणं. “बघितलं की अडकतो, म्हणून बघूच नये.” हे मी सांगलीच्या मार्केट यार्डापासून तासवडे टोलनाक्यापर्यंत अनेकांच्या तोंडून ऐकलंय, आणि त्याला थोडासा आधारही आहे, म्हणून ते उडवून लावत नाही. विम्याच्या बाबतीत कायद्यानं पगारी चालकाला सूट दिलेली आहे. कलम १४६ चं स्पष्टीकरण म्हणतं की पगारावर गाडी चालवणाऱ्याला विमा नसल्याचं माहीत नसेल, आणि तसा संशय यायला काही कारणही नसेल, तर त्यानं ते कलम मोडलं असं धरायचं नाही. कायदा करणाऱ्यांना चालकाची अडचण कळलेली होती, हे यातून दिसतं.

पण ही सूट विम्यापुरती आहे. पासिंगच्या शिक्षेत, म्हणजे कलम १९२ मध्ये, “माहीत असताना” असे शब्दच नाहीत. गाडी चालवली, पासिंग नव्हतं, संपलं. आणि तिसरं आहे कलम १९०, जे प्रत्येक ड्रायव्हरनं एकदा तरी नीट समजून घ्यावं. धोकादायक दोष असलेली गाडी किंवा ट्रेलर रस्त्यावर चालवणाऱ्याला, आणि चालवायला लावणाऱ्याला किंवा चालवू देणाऱ्यालाही, ते कलम लागू होतं. दोष कोणता? जो त्या माणसाला माहीत होता, किंवा साधारण काळजी घेतली असती तर त्याला कळला असता. हा दुसरा भाग बघा. न बघण्याची पळवाट कायद्यानं तिथंच बुजवली आहे. तुम्ही बघितलं नाहीत, हाच तुमच्यावरचा ठपका होतो. दंड १,५०० रुपयांपर्यंत. त्या दोषामुळे अपघात होऊन कुणी जखमी झालं किंवा मालमत्तेचं नुकसान झालं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि कुणाचा जीव गेला तर प्रकरण मोटार वाहन कायद्यापुरतं राहत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत ती दोन वर्षांपर्यंत होती. पासिंग संपलेलं होतं एवढ्या एकाच कारणावरून चालक दोषी ठरेल असं मी म्हणत नाही. पण ब्रेक लागले नाहीत, ट्रेलरचं पासिंग चार महिन्यांपूर्वीच संपलेलं होतं, आणि निघण्याआधी चालकानं काहीच बघितलं नव्हतं, या तीन गोष्टी एकापुढे एक मांडल्या की बचावाच्या वकिलाला बोलायला फार थोडं उरतं. त्या वेळी मालकांचं “तू बघू नको” हे तोंडी वाक्य तुमच्या बाजूनं उभं राहणार नाही.

तुमचा रस्ताच बघा की. पेठ नाक्याला हायवेला लागलात, कराड, सातारा मागं टाकलं, की खंबाटकीचा बोगदा. त्यातून बाहेर पडताच उतार आणि ते एस वळण. पुढे पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत लांबलचक उतार. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथं एका अवजड गाडीनं ४८ च्या आसपास गाड्यांना धडक दिली होती. त्यानंतर बोरघाट. भरल्या कंटेनरचं वजन मागून ढकलत असताना हे तीन उतार उतरायचे म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकवर तुमचा, आणि पुढच्या प्रत्येक स्कूटरवाल्याचा, जीव असतो. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणारे चालक अजूनही भेटतात. इंजिनचा रोध गेला की सगळा भार ब्रेकच्या लाइनरवर येतो, ते तापतात आणि पेडल दाबलं तरी गाडी आवरत नाही. इंजिनच बंद केलं तर हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो.

म्हणून कागद बघणं ही सुरुवात झाली. पासिंगचा कागद एवढंच सांगतो की ज्या दिवशी तपासणी झाली त्या दिवशी ट्रेलर ठीक होता. त्यानंतर त्यानं किती खड्डे खाल्ले, ते त्यात लिहिलेलं नसतं. अधिकाऱ्याला गाडी नियमात बसत नाही असं दिसलं तर मुदत शिल्लक असतानाही तो कारण देऊन पासिंग रद्द करू शकतो, तेही कलम ५६ मध्येच आहे. तेव्हा तारीख बरोबर निघाली तरी ट्रेलरभोवती एक फेरी मारा. जोडल्यावर किंगपिन, म्हणजे ट्रेलर पुढच्या गाडीत अडकवणारी जाड पिन, नीट बसून लॉक झाली का, ते वाकून डोळ्यांनी बघा, नुसत्या आवाजावर जाऊ नका. मग ट्रेलरचा ब्रेक लावून गाडी हळूच पुढं ओढून बघा. दोन्ही एअर पाइप जोडून हवा भरू द्या, इंजिन बंद करा, पेडल दाबून धरा आणि क्लीनरला मागच्या चाकांपाशी उभं करून गळतीचा आवाज ऐकायला लावा. यार्डात बरेच दिवस पडून राहिलेल्या ट्रेलरमध्ये आणखी एक धोका असतो. गळणारी ब्रेक लाइन दुरुस्त करण्याऐवजी कुणीतरी ती बंद करून टाकलेली असते, म्हणजे त्या चाकाला ब्रेकच उरत नाही. पेडल दाबलं की प्रत्येक चाकाचा ब्रेक हलतो का, हे क्लीनरकडून वाकून बघून घ्या. हा शोध उतारावर लागण्यापेक्षा कुपवाडला लागलेला बरा.

व्हील नटभोवती गंजाचे ओघळ दिसले तर तो नट ढिला असण्याची दाट शक्यता असते, पाना लावून बघा. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. टायरच्या खाचेत छोटी उंचवट्याची खूण असते, नक्षी झिजून त्या खुणेच्या बरोबरीला आली की टायर संपला. कंटेनरच्या चारही कोपऱ्यांचे लॉक, टेल लाइट, इंडिकेटर, मागचा गार्ड आणि रिफ्लेक्टरची पट्टी, मागं लाल आणि बाजूला पिवळी, हेही बघा. एवढ्या सगळ्याला वेळ लागतो, हे मला माहीत आहे, आणि भाड्याच्या वेळेत तो कुणी धरत नाही हेही माहीत आहे. तरी कलम १९० मधली “साधारण काळजी” म्हणजे हीच. तुम्ही ती घेतली हे दाखवता यावं म्हणून फेरी मारताना फोनवर दोन-चार फोटो काढून ठेवा, तारीख-वेळ आपोआप पडते.

आता सगळ्यात अवघड प्रश्न, मालकांना नाही कसं म्हणायचं. घर पगारावर चालतं असं तुम्ही लिहिलंय, म्हणून “सरळ नकार द्या” असं मी इथं बसून सांगणार नाही. मी म्हणेन, आधी नकार न देता विचारा, आणि लेखी विचारा. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढंच टाका: “शेठ, या नंबरच्या ट्रेलरचं पासिंग अमुक तारखेला संपल्याचं अ‍ॅपवर दिसतंय. नवीन झालं असेल तर पाठवा, लगेच निघतो.” यात उद्धटपणा नाही, कामाची टाळाटाळ नाही आणि मालकांना सुधारायला जागा आहे. बहुतेक मालक असा मेसेज आल्यावर सावध होतात, कारण “चालवू देतो” हे शब्द त्यांच्यासाठी आहेत आणि आता त्यांना माहीत होतं याचा पुरावा तयार झालाय. त्यांनी फोन करून “जा रे, काही होत नाही” म्हटलं तर शांतपणे सांगा, “बरं शेठ, तेवढं मेसेजवर टाका.” माझा अंदाज आहे, ते टाकणार नाहीत.

त्यांच्याशी बोलताना कायद्यापेक्षा पैशाचा हिशोब मांडा, तो लवकर पटतो. ट्रेलर अडकला की द्राक्षाचा कंटेनर शून्य अंशाच्या आसपास ठेवायला जनरेटरचं डिझेल जळत राहतं. जहाजाची वेळ चुकली तर निर्यातदार पुन्हा त्यांच्याकडे येईल का, हा वेगळा प्रश्न. अपघात झाला तर विमा कंपनी पासिंग संपल्याचा मुद्दा काढते आणि भरपाई मालकाकडून वसूल करायला मागते. न्यायालयं दर वेळी ते मान्य करतातच असं नाही, पण ती लढाई वर्षानुवर्षं चालते आणि तिचा खर्च मालकाच्याच डोक्यावर असतो. अपघात दाव्यात चालकालाही पक्षकार केलं जातं, म्हणजे तारखांना तुम्ही दोघंही बरोबरच. पासिंगची फी आणि एक दिवसाचा खोळंबा याच्यापुढे काहीच नाही.

एवढं करूनही ते तोच ट्रेलर घेऊन जा म्हणाले, तर माझं मत स्पष्ट आहे: तो ट्रेलर घेऊन घाट उतरू नका. दुसरी गाडी मागा, त्या दिवसाचं भाडं गेलं तर जाऊ द्या. हे सांगणं सोपं आणि करणं कठीण, याची मला जाणीव आहे. पण ट्रेलर ओढू शकणारा अनुभवी चालक मिळणं सोपं राहिलेलं नाही, मालकांनाही ते ठाऊक आहे. तुमची किंमत तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त आहे.

हे सदर वाचणाऱ्या ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवाल्यांसाठीही दोन शब्द, कारण सीझन सुरू झाला की वाळवा, कडेगाव, कराडच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर धावतात. आकड्यानं जोडलेल्या ट्रॉलीला कलम ६१ लागू आहे. ट्रॉलीची स्वतंत्र नोंदणी हवी, तिचा नंबर तिच्या बाजूला हवा, आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर शेवटच्या ट्रॉलीवर दिसलाच पाहिजे. तो नसेल तर “कुणी चालवायचं नाही” असंच त्या कलमात लिहिलंय, म्हणजे जबाबदारी पुन्हा स्टेअरिंगवर बसणाऱ्याची. उसाच्या वाड्याखाली, म्हणजे शेंड्याच्या पाल्याखाली, टेल लाइट आणि रिफ्लेक्टर झाकले जातात. अंधारात मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ट्रॉली दिसतच नाही, आणि सांगली-सातारा या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत दर सीझनला अशी पोरं जातात. कारखान्याचा नंबर लागण्याची घाई असते हे मान्य, पण वाडं बाजूला सारून लाल पट्टी उघडी ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.

राहिला तुमच्या कापलेल्या पगाराचा प्रश्न. पासिंग वेळेवर करून घेणं हे मालकाचं काम आहे. ट्रेलर आरटीओपुढे नेणं, फी भरणं, यातलं काहीही चालकाच्या हातात नसतं. तुम्ही विचारलं होतंत आणि त्यांनी बघू नको म्हटलं होतं. अशा वेळी तुमची बाजू न ऐकता रक्कम कापणं मला मुळीच मान्य नाही, आणि वेतनाचा कायदाही नुकसानीपोटी कपात करण्याआधी कामगाराला म्हणणं मांडायची संधी द्यायला सांगतो. आधी मालकांकडे समक्ष जा, शक्यतो दिवाणजी किंवा दुसरा एखादा जुना ड्रायव्हर बरोबर असू द्या, आणि रक्कम परत मागा. नाही दिली तर कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते. वकिलाचा खर्च झेपणार नसेल तर सांगलीच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथं पात्र माणसाला मोफत वकील मिळतो. जाताना चलनाची प्रत, त्या महिन्याचं आणि आधीच्या महिन्याचं बँक स्टेटमेंट, आणि ट्रेलर बदलायला सांगितल्याचा फोन किंवा मेसेज कधी आला त्याची नोंद बरोबर न्या. फोन बदलणार असाल तर हे सगळं आधी दुसरीकडे उतरवून ठेवा.